काही राहिलं नाही ना

१

कुठूनही निघताना माझी आई एकच प्रश्न विचारते. "काही राहिलं नाही ना?" लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, नाहीतर स्कॉटलंडमधल्या एखाद्या लॉखचा काठ असो. आम्ही "नाही" म्हणतो, तरी ती वळून एकदा सगळ्या जागेवर नजर फिरवते आणि मगच पाऊल उचलते. आपला साधा रुमालही आजवर कुठे राहिला नाही, असं ती अभिमानाने सांगायची. २००६च्या जूनपर्यंत ते खरंही होतं.

त्या वर्षी मी एका इन्शुरन्स कंपनीच्या प्रोजेक्टवर लंडनजवळच्या स्लाऊहून ग्लासगोला आलो होतो. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचं. माझी बायको सुप्रभा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, आणि शनिवार तिच्या ड्यूटीचा. उरलो आम्ही तिघं: मी, सहा वर्षांची तनया आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेली आई. शनिवारभर फ्लॅटमध्ये बसून एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा लॉख बघू, असं मी ठरवलं. लॉख म्हणजे डोंगरांमधली इथली लांबलचक तळी. एकेका लॉखला फेरी मारायची म्हटली तर दिवस पुरत नाही.

मला एकदा नाद लागला की लागला. महिन्याभरात फ्रिजवर बत्तीस लॉखांची यादी लागली, प्रत्येकापुढे टिक करायला चौकोन. नकाशांना प्लॅस्टिक चढलं. शुक्रवारी झोप लागायची नाही, शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी लागत नसे तशीच. सकाळी सहाला मी तनयाला गदागदा हलवायचो, आणि तीही माझीच मुलगी, डोळे उघडायच्या आधी विचारायची, "बाबा, टुडे कुठला लॉख?"

"एव्हरेस्टला निघालायस का रे?" सुप्रभा ड्यूटीचे बूट घालता घालता म्हणायची. "संध्याकाळी पाचला घरी येणार आहात तुम्ही."

पहिला मान लॉख लोमंडचा. चोवीस जून, लख्ख ऊन. अशा उन्हात स्कॉटलंड बघितलं की माणूस कुणालाही काहीही माफ करून टाकतो. पाणी इतकं निवांत होतं की डोंगर दोनदोन दिसत होते. तनया पिवळा रेनकोट अंगातून काढायला तयार नव्हती, नवा होता म्हणून. आई बूट काढून पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांना आवडलं असतं रे." बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मला एकदम भरून आलं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी तिघांचे मिळून तीस-चाळीस फोटो काढले.

एका सपाट दगडावर बसून आम्ही शंकरपाळे खाल्ले. आईच्या त्या स्टीलच्या डब्यातून. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं: सौ. मधुमती दी. आगाशे, १४-५-६९. तिच्या लग्नातला डबा. भांड्याच्या दुकानाबाहेर मशीन घेऊन बसलेल्या माणसाने ते कोरलं होतं, आणि ठिपके अजून बोटाला लागत.

निघताना आईने विचारलं, "काही राहिलं नाही ना?" तनयाने आणि मी एका सुरात "नाही" म्हटलं. घरी आल्यावर पिशवी उपसली, तर डबा नव्हता.

२

आई रडली नाही. पण रविवारभर गप्प होती, आणि आई गप्प असली की घरात भांड्यांचा आवाज वाढतो.

त्याला आणखी एक कारण होतं. महिनाभरापूर्वी तिने खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटीभर बेसनाचे लाडू पाठवले होते. बाई चांगल्या होत्या. त्यांनी वाटी घासून, पुसून, सुंदर थँक-यू कार्ड लावून परत दिली. आईने वाटी हातात घेतली, आत बघितलं आणि मला म्हणाली, "रिकामी?"

"अगं, इथे तशी पद्धत नसते."

"शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत देतं का रे? चिमूटभर साखर तरी घालावी. मी काही मागत नाहीये. पण वाटी जाते-येते तेव्हा शेजार होतो. रिकामी आली की संपलं." पुण्याला सोसायटीत तिच्या डब्यांची जा-ये जवळजवळ चाळीस वर्षं अखंड चालू होती. इथे पहिल्याच फेरीत थांबली.

पुढच्या शनिवारी लॉख अर्न. लोमंडपासून चांगलं तासाभराच्या अंतरावर, मध्ये डोंगर. तनया पुढे पळत होती. वाट सोडून काठाशी उतरलो, बसण्यासारखा एक दगड दिसला, आणि त्याच्यापाशी पोचलेली तनया ओरडली, "आजी, तुझी डबा!"

तो दगडावर बरोबर मधोमध ठेवलेला होता. झाकणावर आईचं नाव. घासून इतका चकचकीत केलेला की त्यात ढग दिसत होते. आईने झाकण उघडलं. आत बारीक, काळीजांभळी ब्लेबेरीची फळं काठोकाठ भरलेली, वर एक हिरवं पान झाकण म्हणून.

मी आईकडे बघितलं. तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि ती हसत होती. "बघितलंस?" ती म्हणाली. "आहे हो इथेही कुणीतरी रीतीचं."

मी टेस्टर माणूस. एखादी गोष्ट घडली म्हणजे तिला कारण असतं, आणि मला ते पाच मिनिटांत सापडलं. गावातल्या मराठी लोकांच्या याहू ग्रुपवर मी दोन्ही गुरुवारी मेल टाकली होती: येत्या शनिवारी अमुक लॉखला जातोय, कुणी येतंय का? आलं कुणीच नव्हतं, पण वाचत असणार. कुणातरी मिश्किल माणसाला लोमंडला डबा सापडला, त्याने नाव वाचलं आणि आधीच येऊन गंमत करून गेला. मला तो माणूस फार आवडला. मी मनातल्या मनात त्याला जेवायलाही बोलावलं.

आमच्या खाण्याच्या दोन पिशव्यांपैकी एकीत आईने करून आणलेले रव्याचे लाडू होते. फळं कागदी पिशवीत काढून तिने डबा लॉखच्या पाण्यात विसळला, पुसला, त्यात पाच लाडू नीट लावले आणि तो परत दगडावर ठेवला.

"आई, लग्नातला डबा आहे तो."

"येईल परत," आई म्हणाली. त्या क्षणी तिच्याइतकं खूश त्या काठावर कुणी नव्हतं.

३

पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. ऑफिसात जो भेटेल त्याला डब्याची गोष्ट सांगितली. तनयाने शाळेत चित्र काढलं: डबा, लॉख, आजी, आणि पलीकडच्या काठावर एक पिवळा ठिपका.

"हे काय गं?"

"ती," तनया म्हणाली, आणि ठिपक्याला आणखी रंग देत बसली.

त्या गुरुवारी मी ग्रुपवर मेल टाकली नाही. मुद्दाम. टेस्टिंगचा पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. मेल नाही, म्हणजे डबा नाही. शनिवारी लॉख टेला निघताना मला खरंतर थोडं वाईटच वाटत होतं.

डबा तिथे होता. आम्ही दोन मैल चाललो, तनयाला भूक लागली म्हणून अचानक थांबलो, आणि काठावरच्या शेकडो दगडांपैकी ज्या दगडाकडे आमची पावलं वळली त्यावर तो होता. या वेळी आत पानावर एक छोटा मासा. पोट साफ करून, नीट धुऊन ठेवलेला, ताजा.

आई आमची कडक शाकाहारी. मला वाटलं, आता संपलं. तिने पदराने नाक झाकलं, वाकून आत नीट बघितलं आणि म्हणाली, "त्यांचं अन्न ते. त्यांनी आपल्याला घरातलं दिलं." मासा तिने मला पाण्यात सोडायला लावला, डबा तीनदा घासला आणि त्यात चकल्या भरल्या.

मी चारी बाजूंना बघितलं. वारा नव्हता. पाणी काठाच्या गोट्यांवर हलकेच टेकत होतं, टप, टप. माणूस एकही नव्हता, आणि वाटेवरच्या चिखलात फक्त आमचेच बूट उमटले होते.

मला भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही. मला मजा वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात अशी एक चूक आली होती जिचं कारण मला सापडत नव्हतं. टेस्टरला यापेक्षा मोठं सुख नाही.

घरी येऊन मी सगळे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. लोमंडच्या एकाही फोटोत काही नव्हतं. अर्नच्या फोटोंमध्ये, पार पलीकडच्या काठावर, झाडांखाली, काहीतरी फिकट उभं होतं. रंग कळत नव्हता. टेच्या फोटोंमध्ये ते जवळच्या काठावर होतं, आणि पिवळं होतं.

दुसरी कुणी मुलगी असणार. पिवळे रेनकोट काय, प्रत्येक दुकानात मिळतात. सुप्रभाला दाखवलं तेव्हा ती कपडे घडी करत होती. "सहलीला आलेलं कुटुंब असेल," ती म्हणाली. मी पण तेच म्हणालो, आणि तरी एक फोटो आणखी मोठा केला. त्या मुलीचे हात जरा लांब होते. किंवा फोटो मोठा केल्यावर तसं दिसत असेल.

४

चौथ्या शनिवारी मी यादीच बाजूला ठेवली. स्टर्लिंगच्या पुढच्या प्रत्येक गोल चौकात तनयाला विचारायचं, "डावीकडे की उजवीकडे?" आणि ती सांगेल तिकडे जायचं. कुठे जाणार ते मलाच माहीत नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला कसं कळेल? गाडीत नुसता धिंगाणा चालला होता. तनया "लेफ्ट! राइट!" करत खिदळत होती. आईसुद्धा मागून "आता सरळ जाऊ दे गं त्याला" म्हणत हसत होती.

पोचलो ते लॉख लुबनिगला. जंगल उतरून पाण्यात घुसलेलं, वर ढग, मधून एखादं उन्हाचं बोट. गाडी लावली, पन्नास पावलं चाललो.

डबा होता. आत पाणकोंबडीच्या पिसांचं एक घरटं, आणि घरट्यात तीन पांढरे गोटे, सारखे, गुळगुळीत. तनयाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या. पण मला तेव्हा प्रथमच वाटलं की आपण इथे येऊन तो शोधत नाही. तो असतो तिथे आपण येतो.

"आई," मी म्हणालो, "हे आता बंद करू या."

"का?"

"कोण आहे ते माहीत नाही आपल्याला."

"शेजारी कोण आहे हे आधी माहीत असतं का?" आई म्हणाली. "डबे गेले-आले की कळतं." तिने डब्यात शंकरपाळे ओतले आणि झाकण लावलं.

तनयाचा वरचा पुढचा दात महिनाभर हलत होता. स्कूटरवरून पडून त्याचा एक कोपरा उडाला होता, त्यामुळे तो लांबूनही ओळखू यायचा. त्या दुपारी शंकरपाळा चावताना तो पडला. तिने तो तळहातावर घेऊन नाचवला, मला दाखवला, आजीला दाखवला. आई म्हणाली, आमच्याकडे पडलेला दात कौलांवर फेकतात. इथे कौलं कुठून आणणार, म्हणून तिने तो रुमालात बांधून ठेवायला सांगितला.

परतताना गाडीत तनया बोलायला लागली तर प्रत्येक "स" बरोबर फटीतून शीळ निघत होती. आम्ही तिला मुद्दाम "साखर", "ससा" म्हणायला लावलं. घराजवळ आल्यावर मी विचारलं, "दात नीट ठेवलायस ना? ममाला दाखवायचाय."

"तिला दिली," तनया म्हणाली.

"कुणाला?"

"डब्यात टाकला. तिला टूथ नाहीये ना, बाबा. शी हॅज नन. आपण आपलं घरातलं द्यायचं."

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग मी हसलो, कारण आई मागे हसत होती आणि तनयाही हसत होती, तिची ती नवी फट दाखवत.

५

पाचव्या शनिवारी डबा नव्हता.

मी यादीतलंच एक लॉख निवडलं होतं. आम्ही दिवसभर काठ पिंजून काढला. दगडामागे, झुडपांखाली, जुन्या बोटीच्या सांगाड्यातसुद्धा बघितलं. आई हिरमुसली. "दात दिलास ना," ती तनयाला म्हणाली, रागाने नाही, समजावत. "आपण फार मोठं दिलं. आता त्यांना तोलामोलाचं द्यायला हवं. वेळ लागतो त्याला."

मला मात्र मनातून सुटल्यासारखं वाटलं. संपलं. आता नुसते डोंगर, नुसतं पाणी, सँडविच आणि डासांसारखी चावणारी ती इथली चिलटं, मिजेस. त्या संध्याकाळी मी फोटो बघितले. एकाही फोटोत पिवळं काही नव्हतं, फक्त तनया. मी सगळे फोटो दोनदा बघितले आणि सुप्रभाला मिठी मारली. ती म्हणाली, "काय झालं रे तुला?"

तिला मी काय सांगणार होतो? ती हल्ली रोज तनयाचं तोंड उघडून हिरडी तपासायची. "नव्या दाताचा पत्ताच नाही," ती म्हणायची. "येईल. दोन-तीन महिने तरी लागतील."

६

सहाव्या शनिवारी पाऊस होता. भुरभुर, न थांबणारा, कपड्यांच्या आत शिरणारा. समजूतदार माणूस घरी बसला असता. पण सकाळी तनया रेनकोट घालूनच उठवायला आली. तिचं मन मला मोडवेना, आणि खरंतर मीही रात्रीपासून जागाच होतो. नकाशावर नाव नसलेलं एक छोटंसं तळं मी निवडलं, रस्त्यापासून दहा मिनिटं खाली.

तिथे डबा होता.

आईने झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. घासलेला, पुसलेला, कोरडा. पावसात उघड्यावर पडलेला डबा आतून-बाहेरून कोरडा होता, पण तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. आईचा चेहरा इतका उतरला की मला तिची दया आली.

"रिकामा," ती म्हणाली.

"म्हणजे संपलं ना?" मी म्हणालो. माझ्या आवाजातला आनंद मला लपवता येत नव्हता. "तूच म्हणतेस ना, रिकामं आलं की संपलं. चला. आता आपणही रिकामाच ठेवू या आणि जाऊ या घरी."

"लग्नातला डबा तो."

"मी नवा घेऊन देतो. नाव घालून."

डबा तिने दगडावर ठेवला, झाकण लावलं, त्यावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि तनयाचा हात धरून वर निघाली. मी मागे राहून थर्मास, सतरंजी गोळा केली. पाच मिनिटं, फार तर सहा. पिशव्या घेऊन वाटेच्या मध्यावर आलो तेव्हा आई एकटीच उभी होती.

"तनया तुझ्याबरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"तुझ्याबरोबर ना?"

"बाबाकडे जाते म्हणून खाली पळाली."

मी पिशव्या टाकल्या. "तू गाडीपाशी जा," म्हणून ओरडलो आणि घसरत, धडपडत खाली धावलो.

ती पाण्यात होती. घोट्यापर्यंत, माझ्याकडे पाठ करून, रेनकोटाची टोपी डोक्यावर, हात त्या डब्यावर. मी काहीच विचारलं नाही. मागूनच उचललं, छातीशी धरलं आणि वर पळत सुटलो. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. ती नखशिखांत भिजलेली होती, बर्फासारखी गार, आणि तिने तोंड माझ्या मानेत खुपसलं होतं.

"माझी क्लिप ठेवत होते," ती माझ्या मानेत पुटपुटली. "आजीचा डबा रिकामी होता."

"बरं केलंस, बरं केलंस," मी म्हणत होतो.

वाट संपली आणि गाडी दिसली. आई पुढच्या सीटवर बसली होती. तिने काच खाली केली आणि आनंदाने हात हलवला. "सापडली रे! इथेच होती गाडीत. बेल्टसुद्धा लावून बसलीय."

मागच्या काचेआड तनया होती. पिवळा रेनकोट. तिने माझ्याकडे बघून हात हलवला. तिचे केस कोरडे होते.

७

मी जागीच थांबलो. आईला माझ्या हातात काय आहे ते दिसत नव्हतं. मी झाडाच्या आडोशाला होतो.

माझं डोकं अशा वेळी फार स्वच्छ चालतं, मला त्याचा अभिमान आहे. एक तनया गाडीत, कोरडी, उबदार, आजीने बघितलेली, आजीशी बोललेली. एक माझ्या हातात, पाण्यातून आलेली, बर्फासारखी गार, जिचा चेहरा मी अजून बघितला नव्हता. फोटोंमध्ये ती दर आठवड्याला जवळ येत होती. तोलामोलाचं द्यायला वेळ लागतो.

चेहरा बघायचा, एवढंच करायचं होतं. मला ते जमलं नाही. मानेवरचा तो गार श्वास हलला आणि मी आल्या पावली वळलो.

खाली जाताना तिला कळलं. तिने माझी कॉलर घट्ट धरली. दगडापाशी मी वाकलो, डोळे मिटले, आणि तिला डब्याशेजारी उभं केलं. बोटं सुटेनात. मी एकेक सोडवलं. लहान बोटं होती, आखडलेली.

"बाबा," ती म्हणाली, "सोडू नको ना."

मी वळून चालू लागलो. मागे पाण्याचा आवाज आला. मी मागे बघितलं नाही, पळालोही नाही. पळालो तर काहीतरी मान्य केल्यासारखं होईल असं वाटत होतं. वाटेत टाकलेल्या पिशव्या उचलल्या, डिकीत टाकल्या, गाडी सुरू केली. गाडीत हीटर होता, आई होती, आणि मागे माझी मुलगी शंकरपाळे खात होती. कुडुम, कुडुम. मला मोठ्याने गावंसं वाटत होतं.

"कुठे गेला होतास परत?" आईने विचारलं.

"डबा ठेवायला," मी म्हणालो.

अरुंद रस्ता संपून मोठा रस्ता लागला. पाऊस थांबला. तीन-चार मैल गेल्यावर आईने सवयीने मागे वळून सीटवर नजर फिरवली आणि विचारलं, "काही राहिलं नाही ना रे?"

"नाही, आजी," मागून स्वच्छ आवाज आला. "सगळं घेतलं."

मी आरशात बघितलं. तनया माझ्याकडेच बघत होती. तिने आणखी एक शंकरपाळा घेतला आणि हसली, तोंडभर. वरचे दात सगळे होते. पुढचा दात जागच्या जागी होता, त्याचा एक कोपरा उडालेला.

मग मला आठवलं, "सोडू" म्हणताना तिच्या तोंडातून शीळ निघाली होती.